प्रोसेसरची पिन वाकली? आधी हात मागे घ्या

कूलर उचलला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही वर आला. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो त्या सॉकेटचा खटका बंदच होता. मधली, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं तापून आणि गार होऊन डिंकासारखी घट्ट झाली होती, आणि मी कूलर सरळ वर ओढला होता. प्रोसेसर उलटा केला तर एका कोपऱ्यातल्या सात पिना वाऱ्याने लोळवल्यासारख्या आडव्या पडलेल्या.

इथपर्यंत झालं ते अपघाताने. पुढच्या दहा मिनिटांत मी जे केलं ते मात्र हात दाखवून अवलक्षण. भिंग शोधलं नाही, टेबलावरचा दिवा लावला नाही, हाताला लागला तो चिमटा घेतला आणि पिना सरळ करायला बसलो. सहा झाल्या. सातवी जरा पलीकडे गेली, म्हणून अलीकडे आणली. अलीकडे जास्त आली, म्हणून पुन्हा पलीकडे. तिसऱ्या खेपेला ती चिमट्यातच राहिली.

वाकलेली पिन बहुतेक वेळा वाचते. पिना मरतात त्या बहुतेक करून नंतरच्या घाईने. म्हणून कुठलंही अवजार हातात घेण्याआधी आपल्यासमोर नेमकं काय आहे हे पाहू.

पिना आहेत कुणाच्या?

१९७१ मध्ये आलेल्या इंटेल ४००४ या चिपला १६ पाय होते, १९७८ च्या ८०८६ ला ४०. दोन्ही बाजूंना रांगेने, गोमेच्या पायांसारखे. १९८५ मध्ये ८०३८६ आला तेव्हा १३२ जोडण्या लागल्या, कडेला एवढी जागा नव्हती, म्हणून पिना चिपच्या पोटाखाली चौकोनी जाळीत गेल्या. या रचनेला पीजीए (पिन ग्रिड अ‍ॅरे) म्हणतात. एएमडीचं एएम४ सॉकेट याच घराण्यातलं: चार सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनात १३३१ पिना, दोन पिनांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरचं अंतर.

दुसरी रचना एलजीए (लँड ग्रिड अ‍ॅरे). हिच्यात प्रोसेसरचं पोट सपाट असतं, त्यावर फक्त सोनेरी टिकल्या असतात. पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. खरं तर त्यांना पिना म्हणणं चूकच, त्या बारीक वाकड्या स्प्रिंगा आहेत. प्रोसेसर वरून दाबला की प्रत्येक स्प्रिंग थोडी दबते आणि आपल्या टिकलीला टेकून राहते. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ आणून डेस्कटॉपवर ही पद्धत सुरू केली. एएमडीने नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ती २०२२ मध्ये एएम५ बरोबर घेतली, १७१८ जोडण्यांसह. इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा म्हणजे जोडण्यांची संख्याच: एलजीए १७०० मध्ये १७००.

हा फरक आधी समजून घ्यावा लागतो, कारण दोन्हींची दुरुस्ती अगदी वेगळी आहे. पीजीएची पिन म्हणजे सरळ उभी काडी, तिला परत उभं केलं की काम झालं. एलजीएची स्प्रिंग मुळातच वाकडी असते. तिला ‘सरळ’ करायला गेलात तर चांगल्या स्प्रिंगेचं वाटोळं होईल. शिवाय पीजीएत नुकसान प्रोसेसरचं होतं, एलजीएत मदरबोर्डचं. त्या दोघांत सहसा मदरबोर्ड स्वस्त, म्हणून हा बदल ग्राहकाच्या फायद्याचा असं म्हणणारे आहेत. मला ते अर्धंच पटतं. पीजीएची पिन निदान नुसत्या डोळ्यांनी दिसते तरी.

एक पिन गेली तर काय जातं?

तुटलेली पिन हातात आली की पहिला विचार येतो, ‘संपलं’. पण १३३१ पिना १३३१ वेगवेगळी कामं करत नाहीत.

एक साधा हिशोब करू. समजा प्रोसेसर भराला असताना १२० वॉट खातो आणि त्याच्या गाभ्याला १.२ व्होल्ट लागतात. १२० भागिले १.२ म्हणजे १०० अँपियर. मोटारीचं इंजिन सुरू करताना स्टार्टर जेवढा प्रवाह ओढतो, त्या पंगतीतला हा आकडा. एवढा प्रवाह असल्या बारीक एका पिनेतून गेला तर ती क्षणात जळेल. म्हणून तो शेकडो पिनांमध्ये वाटून दिलेला असतो, आणि आलेला प्रवाह परत जायलाही तितक्याच वाटा लागतात. या परतीच्या वाटा म्हणजे ग्राउंडच्या पिना. एकूण पिनांमधला फार मोठा हिस्सा या दोन कामांतच गुंतलेला असतो. त्यातली एखादी गेली तर तिचा भार शेजारणी उचलतात आणि बहुतेक वेळा संगणकाला पत्ताही लागत नाही.

काही पिना राखीव असतात. म्हणजे त्या कुठेच जोडलेल्या नसतात, किंवा कारखान्यातल्या चाचणीपुरत्या असतात. तशी तुटली तर नशीबच म्हणायचं.

उरलेल्या पिना मात्र एकेकट्या आहेत. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या रस्त्याला चॅनेल म्हणतात. डीडीआर४ या प्रकारच्या रॅमच्या एका चॅनेलमध्ये ६४ डेटा वाहिन्या असतात आणि प्रत्येकीची पिन स्वतंत्र. ६३ चालू आणि एक बंद असं तिथे खपत नाही. संगणक सुरू होताना रॅमशी सूर जुळवून पाहतो, तो जुळत नाही आणि अख्खा चॅनेल बाद होतो. मग दोन खाचांमधली रॅम दिसते, उरलेल्या दोनमधली दिसत नाही. कधी कधी यंत्र सुरूच होत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं वागणं जरा समजूतदार. त्याच्या खाचेत १६ लेन असतात आणि प्रत्येक लेनला चार तारा: दोन जायच्या, दोन यायच्या. मधलीच एखादी लेन तुटली तर दोन्ही बाजू तडजोड करून ८ किंवा ४ लेनवर काम चालवतात. कार्ड चालतं, फक्त वाट अरुंद होते, आणि हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. अगदी पहिलीच लेन गेली तर मात्र बऱ्याचदा कार्ड दिसतच नाही.

तुटण्यापेक्षा मला भीती वाटते ती चिकटण्याची. तुटलेली पिन म्हणजे फक्त एक जोडणी कमी. वाकून शेजारणीला टेकलेली पिन म्हणजे जिथे जोडणी नको तिथे झालेली जोडणी. विजेची पिन सिग्नलच्या पिनेला टेकली आणि आपण बटण दाबलं, तर वाकलेल्या पिनेबरोबर प्रोसेसर किंवा बोर्डही जाऊ शकतो. म्हणून ‘एकदा चालू करून तर बघू’ हा मोह आवरायचा. पिना वाकल्याची शंका जरी असली तरी आधी बघायचं, मग वीज.

नकाशा, आणि तो वाचताना मी केलेली चूक

कुठली पिन कशासाठी याचा नकाशा असतो. इंटेलने अनेक प्रोसेसरांच्या तांत्रिक पुस्तिकेत तो दिलेला आहे, आणि जुन्या-नव्या बऱ्याच सॉकेटांचे नकाशे हौशी मंडळींनीही तयार केले आहेत. बुद्धिबळाच्या पटासारखी त्याची रचना असते: एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला रोमन अक्षरं. त्यात आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरं गाळलेली असतात, कारण ती आकड्यांशी किंवा एकमेकांशी गल्लत करतात. अक्षरं संपली की एए, एबी असं पुढे चालू. घरं मोजताना गाळलेली अक्षरं विसरलात की दोन-चार रांगा चुकल्याच म्हणून समजा.

सुरुवात कुठून करायची हे प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावरचा छोटा सोनेरी त्रिकोण सांगतो. सॉकेटवरही तशीच खूण असते.

माझी तुटलेली पिन मी नकाशावर शोधली तर ती रॅमची निघाली. संध्याकाळभर सुतक. रात्री पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की नकाशा वरून पाहिल्यासारखा काढलेला होता, आणि मी प्रोसेसर उलटा धरून पिना मोजत होतो. म्हणजे डावं-उजवं आरशातल्यासारखं उलटलेलं. नकाशा फिरवून पुन्हा मोजलं, पिन ग्राउंडची होती. तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात तो ‘वरून’ आहे की ‘खालून’, हे पहिल्यांदा वाचा.

उभी पिन परत उभी करताना

सगळ्यात आधी अंगावरची स्थिर वीज. ठिणगी आपल्याला जाणवते ती सुमारे ३००० व्होल्टच्या पुढे, आणि चिपला त्याहून कितीतरी कमी पुरते. म्हणजे नुकसान झालं तरी आपल्याला कळणारही नाही. जमिनीशी जोडलेल्या (ग्राउंड) धातूला हात लावून बसायचं, गालिच्यावर बसून काम करायचं नाही, प्रोसेसर कडांनी धरायचा.

मग पाहणं. वरून पाहून काही उपयोग नाही, वरून सगळ्याच पिना ठिपके दिसतात. प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला आडवा धरा, मागे उजेड असू द्या आणि रांगेतून आरपार नजर टाका. सरळ रांगांमधून उजेडाच्या पट्ट्या दिसतात. जिथे पट्टी अडते तिथे वाकलेली पिन. चारही बाजूंनी फिरवून पाहा, कारण एका बाजूने सरळ दिसणारी पिन दुसऱ्या बाजूने झुकलेली असू शकते. फोनने जवळून फोटो काढून मोठ्या पडद्यावर पाहिला तर भिंगाची गरज बरीच भागते.

किंचित झुकलेल्या पिनांना पातं पुरतं. कटरचं पातळ पातं किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड दोन रांगांमध्ये उभं घालायचं आणि हलकेच सरकवत न्यायचं. शेजारच्या सरळ पिना वाट दाखवतात, वाकलेली आपोआप ओळीत येते.

जास्त वाकलेल्या पिनेसाठी लिड भरायची पेन-पेन्सिल. लिड काढून टाका, टोकाची पोकळ धातूची नळी पिनेवर चढवा आणि हळू उभी करा. ०.७ ची नळी सहसा बसते, ०.५ ची बसली तर पकड आणखी चांगली. पिन पूर्ण आडवी असेल तर नळी चढणारच नाही. आधी शिवणाच्या सुईने तिला खालून अर्ध्यावर उचला, मग नळी. पिन आत पूर्ण घाला, नाहीतर ती मुळाशी न वळता मध्येच वळेल आणि इंग्रजी एस अक्षरासारखी होईल.

इथे धातूचा स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. एकदा वाकलेला धातू त्या जागी कडक होतो. परत सरळ करताना तो आणखी कडक होतो, आणि कडक म्हणजेच ठिसूळ. तार तोडायची असेल तर आपण ती पुढे-मागे वाकवतो, ते याच कारणाने. माझी सातवी पिन मी नेमकी तशी तोडली होती. तेव्हा जाताना एकाच दिशेने जायचं, दोन-तीन छोट्या टप्प्यांत, आणि अगदी सरळ होण्याच्या किंचित आधीच थांबायचं. थोडी तिरकी राहिली तर सॉकेटचं भोक तिला सांभाळून घेतं. काटकोनासाठी हट्ट धरला तर ती पलीकडे जाण्याची आणि मग परत आणावी लागण्याची भीती.

पिन गरम हवेने मऊ करून घ्या असा सल्ला कुणी ना कुणी देतंच. केस वाळवायच्या यंत्राने तो धातू मऊ पडत नाही. ते यंत्र चिकटलेला कूलर सोडवायला ठेवा.

झालं की परीक्षा सोपी आहे. सॉकेटचा खटका पूर्ण वर करा, त्रिकोणाला त्रिकोण जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. या सॉकेटची सारी युक्तीच ती: खटका वर असताना भोकं मोकळी असतात, खटका खाली केला की आतले चिमटे पिनांना बाजूने धरतात. एखादा कोपरा उचललेला राहिला तर बोटाने दाबायचं नाही. उचला, ती पिन शोधा, पुन्हा नळी.

सॉकेटमधल्या स्प्रिंगा

एलजीएचं काम अधिक नाजूक, आणि खरं सांगायचं तर इथे मी स्वतः फार पुढे जात नाही. संगणकाची वायर काढा, बोर्ड सपाट ठेवा आणि टॉर्च अगदी तिरका धरा. सगळ्या स्प्रिंगांची टोकं एकाच दिशेला कललेली असल्यामुळे ती एकसारखी चमकतात, दवाने भिजलेल्या गवतासारखी. उजेड हळूहळू फिरवला की जिथे एखादा ठिपका चमकत नाही, किंवा भलत्याच वेळी चमकतो, तिथे गडबड. शेजारच्या चांगल्या स्प्रिंगेचा फोटो मोठा करून समोर ठेवा. आपल्याला आकार तिच्यासारखा करायचा आहे, सरळ नाही.

बारीक सुई टोकाच्या वाकाखाली सरकवायची आणि टोक केसभर वर उचलायचं, किंवा ज्या बाजूला पडलंय त्याच्या उलट ढकलायचं. केसभर म्हणजे खरंच केसभर. श्वास रोखून सुईत दोरा ओवताना हात जसा चालतो तसा. एक हालचाल, फोटो, पाहणं, मग दुसरी हालचाल. चिमट्याने पकडून ओढणं शक्यतो नकोच, एक धरताना शेजारची दोन वाकतात.

सॉकेटमध्ये थर्मल पेस्ट सांडली असेल तर ती पुसायला कापड किंवा कापसाची काडी कधीही घालू नका. एक धागा एका स्प्रिंगेत अडकतो, आपण हात मागे घेतो आणि रांगच्या रांग उठून येते. सॉकेटच्या अनेक शोकांतिकांचा पहिला अंक हाच असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडा, पेस्ट सैल होऊ द्या, हवेने उडवा, पूर्ण वाळल्याशिवाय वीज नको.

तुटलीच तर

आधी तुकडा शोधा. पीजीए पिनेचा तुकडा सॉकेटच्या भोकात अडकून राहिला तर पुढचा धडधाकट प्रोसेसरही तिथे बसणार नाही. खटका वर करून बोर्ड उलटा धरा आणि हलकेच टिचक्या मारा. नाहीच पडला तर सुई.

मग नकाशा. राखीव, ग्राउंड किंवा विजेची एखादीच पिन असेल आणि आसपास काही टेकलेलं नसेल, तर आहे तसं बसवून पाहायला हरकत नाही. रॅमची किंवा ग्राफिक्सची असेल तर प्रश्न पैशांचा होतो: एका चॅनेलवर चालवायचं, की पिन लावून घ्यायची?

पिन लावता येते. पीजीए पिनेचं बूड खिळ्याच्या डोक्यासारखं चपटं असतं आणि ते चिपच्या पोटाला सोल्डरने डागलेलं असतं. मेलेल्या प्रोसेसरवरून तशी पिन काढून नव्या जागी डाग देणारे कसबी कारागीर आहेत. पण एक मिलिमीटरवर शेजारणी उभ्या असताना, सूक्ष्मदर्शकाखाली, त्यांचे डाग सैल न होऊ देता हे करायचं असतं. घरातल्या साध्या सोल्डरिंग गनने हे होणार नाही. आणि पिनेबरोबर खालची टिकलीच उखडून आली असेल तर कसबी माणूसही मान हलवतो.

भोकात तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून त्यावर प्रोसेसर बसवायची एक जुगाडू युक्ती फिरत असते. चालते ती कधी कधी. पण तार किंचित लांब झाली तर वाकून शेजारणीला टेकते, म्हणजे साध्या तुटण्याचं आपण होऊन शॉर्टमध्ये रूपांतर केलं. आगीतून फुफाट्यात. फेकून द्यायच्या बोर्डावर हौस भागवा, कामाच्या यंत्रावर नको.

एलजीएची स्प्रिंग तुटली तर बहुधा पूर्ण सॉकेट बदलावं लागतं. त्याच्या खाली जितक्या जोडण्या तितके सोल्डरचे मणी असतात आणि ते सगळे एकाच वेळी वितळवून काढावे नि बसवावे लागतात. त्यासाठी खास यंत्र लागतं. बोर्ड महागडा असेल तरच हा खटाटोप परवडतो. वॉरंटीची आशा कमीच ठेवा, भौतिक नुकसान त्यात साधारणपणे येत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं एकदम जोडू नका. एक रॅम, आणि प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर वेगळं कार्डही नको. पडदा उजळला की बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानावर) रॅम किती दिसते ते पाहा. मग तीच रॅम एकेका खाचेत घालून पाहा, म्हणजे दोन्ही चॅनेलची हजेरी होते. त्यानंतर कार्ड लावा आणि जीपीयू-झेडसारख्या, ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते किती लेनवर चाललंय ते वाचा. कार्डाला काही काम नसताना लेनचा वेग उतरलेला दिसतो, त्याने घाबरू नका. संख्या पाहायची. १६ च्या जागी ८ दिसले तर एखादी पिन अजून टेकत नाहीये. अर्थात काही बोर्ड आणि काही कार्डं मुळातच ८ लेनची असतात, ते आधी तपासा.

शेवटी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. अर्धवट टेकणारी पिन थंड असताना गुण्यागोविंदाने चालते आणि तापल्यावर चुका करू लागते, त्यामुळे पाच मिनिटांच्या चाचणीत ती सापडत नाही. माझा प्रोसेसर त्या रात्री एकही चूक न करता पास झाला आणि एका पिनेने कमी असलेला तो अजून चालतोय.

कूलर मात्र मी आता वेगळ्या पद्धतीने काढतो. आधी पंधरा-वीस मिनिटं प्रोसेसरला भरपूर काम देऊन पेस्ट गरम करतो, मग संगणक बंद करून वायर काढतो, कूलरच्या पट्ट्या सोडवतो आणि तो डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा पिळतो. तो सैल फिरायला लागला की मगच उचलतो, तेही आधी एक बाजू. एलजीएच्या बोर्डावर प्रोसेसर नसेल तेव्हा सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण लावलेलं असतं, आणि ती झाकणं मी आता एका डबीत जपून ठेवतो. वापरलेला प्रोसेसर घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडे पिनांचे फोटो मागतो, पण वरून काढलेले नाहीत. आडवा धरून, मागे उजेड ठेवून, चारही बाजूंनी एकेक.